लाकडाच्या घराण्यातला वाफेचा माणूस

लंडनची रॉयल सोसायटी म्हणजे जगातल्या जुन्या आणि मानाच्या विद्वत्सभांपैकी एक. सर आयझॅक न्यूटन एकेकाळी तिचे अध्यक्ष होते. या सभेने २७ मे १८४१ रोजी एका हिंदी माणसाला आपला सदस्य, म्हणजे फेलो, म्हणून निवडले. असा मान मिळालेला तो पहिला भारतीय. त्यानंतर दुसऱ्या भारतीयाची निवड व्हायला ७७ वर्षे जावी लागली आणि तो दुसरा माणूस होता श्रीनिवास रामानुजन! रामानुजन यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पहिल्याचे नाव विचारले तर मात्र चांगले शिकलेले लोकही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

हा पहिला माणूस गणिती नव्हता, खगोलशास्त्रज्ञ नव्हता की कुठल्या विद्यापीठाचा पदवीधरही नव्हता. मुंबईत तेव्हा विद्यापीठच नव्हते. ते १८५७ साली निघाले. हा होता मुंबईच्या गोदीत हात काळे करणारा बत्तीस वर्षांचा एक पारशी यंत्रज्ञ. नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

मी स्वतः नौदलाच्या अभियांत्रिकी शाखेत उमेदीची वर्षे काढली. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’वर शिकलो आणि पुढे वाफेवर चालणाऱ्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये राबलो. आमच्या शाखेला जुनी मंडळी स्टोकर शाखा म्हणत. स्टोकर म्हणजे भट्टीत कोळसा ढकलणारा. कोळसा गेला, तेल आले, तरी नाव चिकटून राहिले. आता मी समुद्रापासून दूर, छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात राहतो. इथे स्टेशन रोडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. हातात ड्रॉइंगच्या गुंडाळ्या घेतलेली मुले-मुली येता-जाता दिसतात. आपल्याकडे यंत्रविद्या परदेशातून तयार होऊन आली आणि आपण ती फक्त शिकलो, असा एक समज त्यांच्या मनात असतो. अर्देशीरांची हकीकत या समजाला धक्का देणारी आहे. म्हणूनच ती आज सांगावीशी वाटते.

सागाचे घराणे

वाडिया हे आडनावच धंद्यावरून आलेले. गुजरातीत वाडिया म्हणजे जहाजे बांधणारा सुतार. या घराण्याचा मूळ पुरुष लवजी नसरवानजी. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ साली त्याला सुरतेहून मुंबईला आणले. सुतारांची एक लहानशी तुकडी घेऊन तो आला आणि त्याने मुंबईच्या गोदीचा पाया घातला. १७५० साली तिथे दगडात बांधलेली सुकी गोदी तयार झाली. आशियातली ही पहिली सुकी गोदी समजली जाते. जहाज आत घ्यायचे, दरवाजे लावायचे, पाणी काढून टाकायचे आणि कोरड्यात उभे राहून तळाची दुरुस्ती करायची, अशी ही सोय. आज त्या जागी नौदलाची गोदी आहे. तिथले जुने काळे दगड मी स्वतः पाहिले आहेत.

लवजींच्या वंशजांनी पुढे सुमारे दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीत प्रमुख जहाजबांधणीकार हे पद सांभाळले. मलबारचा साग हे त्यांचे भांडवल. इंग्लंडचा ओक समुद्राच्या पाण्यात जितका टिके, त्याच्या कितीतरी अधिक हा साग टिकत असे. त्यामुळे ब्रिटिश आरमारानेही आपल्या युद्धनौका मुंबईत बांधून घेतल्या. १८१३ सालची ‘कॉर्नवॉलिस’ ही त्यांपैकीच. चीनला हाँगकाँग बेट इंग्रजांच्या हवाली करावे लागले, तो नानकिंगचा तह १८४२ साली याच जहाजावर झाला. १८१७ साली पाण्यात उतरवलेली ‘ट्रिंकोमाली’ तर इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आजही तरंगते आहे. दोनशे वर्षे उलटूनही आपला साग शाबूत आहे!

अशा घरात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीरांचा जन्म झाला. वडील कर्सेटजी रुस्तमजी गोदीतच होते आणि पुढे तेही प्रमुख बांधणीकार झाले. रिवाजाप्रमाणे १८२२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, अर्देशीर गोदीत कामाला लागले. त्यांच्यापुढचा रस्ता आखलेला होता. वासे, फळ्या, डोलकाठ्या यांत आयुष्य काढायचे आणि नशिबात असेल तर एक दिवस घराण्याच्या गादीवर बसायचे. घरचा चालता धंदा, मानाची जागा, सरकारदरबारी वजन. याहून अधिक काय हवे? पण या मुलाचे मन लाकडात रमेना. त्याला ओढ लागली वाफेची.

आगबोट आली

वाफेची ओढ लागावी असाच तो काळ होता. तेव्हा इंग्लंडहून निघालेले पत्र आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला पोहोचायला पाच-सहा महिने लागत. उत्तर परत जायला तेवढेच. म्हणजे एका प्रश्नोत्तरात वर्ष सरायचे. तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत जाऊन पुढे जमिनीवरून भूमध्य समुद्र गाठला, तर हा वेळ निम्म्याहून कमी होणार होता. परंतु तांबड्या समुद्रात शिडाच्या जहाजाची वाऱ्यापुढे डाळ शिजत नसे. वारा उलटला की आठवडेच्या आठवडे खोळंबा.

यावर उपाय म्हणून मुंबईच्या गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली गेली. बांधणारे होते वाडिया घराण्यातलेच नवरोजी जमशेटजी. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझला निघाली. तिची कोळशाची जागा होती साडेपाच दिवसांपुरती आणि एडनपर्यंतचाच प्रवास अकरा दिवसांचा! तेव्हा राहण्याच्या खोल्यांतसुद्धा कोळसा कोंबला गेला. जहाज पाण्यात इतके खोल बसले की ते जाईल की नाही याचीच लोकांना चिंता. पण ते गेले. २२ एप्रिलला सुएझला पोहोचले. त्याच सुमारास कंपनीच्या जुन्या ‘बॉम्बे मरीन’चे नाव बदलून ‘इंडियन नेव्ही’ झाले आणि या आरमारात शिडांच्या शेजारी धुराडी दिसू लागली.

आमच्या पाणचक्कीत वरून पडणारे पाणी पात्यांना फिरवते आणि जाते चालते. त्या वेळच्या आगबोटीत नेमके उलटे असे. भट्टीवर पाणी उकळायचे, त्याची वाफ दट्ट्या रेटायची आणि दट्ट्याच्या जोरावर जहाजाच्या दोन्ही अंगांना बसवलेली प्रचंड चाके फिरायची. चाके पाणी मागे लोटत आणि जहाज पुढे जाई. ऐकायला सोपे, करायला महाकठीण. कारण यंत्र बनवायचे तर ओतकाम हवे, चरकावर अचूक कातलेले भाग हवेत, वाफ गळू न देणारे सांधे हवेत. यातले मुंबईत फारसे काहीच नव्हते आणि शिकवणाराही कोणी नव्हता.

माझगावचा बंगला

अर्देशीरांनी यावर जो मार्ग काढला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी कोणी शिकवील याची वाट पाहिली नाही. घरचा पैसा घातला आणि स्वतः यंत्र तयार करायला घेतले. एका अश्वशक्तीचे छोटे इंजिन त्यांनी बनवले आणि ते पाणी उपसायला जुंपले. आज आपल्या शेतातल्या विहिरीवर जेवढ्या ताकदीची मोटर असते, तिच्याहूनही हे इंजिन कमी ताकदीचे. पण ज्या देशात वाफेचे यंत्र क्वचितच कुणी पाहिले होते, तिथे ते स्वतःच्या हाताने बनवणे म्हणजे केवढी गोष्ट!

मग १८३३ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी ‘इंडस’ नावाचे साठ टनांचे छोटे जहाज बांधून पाण्यात उतरवले आणि त्यावर वाफेचे इंजिन चढवले. जहाज बांधणे हे घरचेच काम होते. पण यंत्र बसवणे वेगळे. इंजिनाचा पाया बसवताना अंगठ्याच्या नखाइतका फरक राहिला तर दांडा तिरका फिरतो, धारवे तापतात आणि सगळे खिळखिळे होते. सुताराचा अंदाज आणि यंत्रज्ञाचे माप या दोन वेगळ्या विद्या आहेत. अर्देशीरांच्या हातात त्या एकत्र आल्या होत्या.

पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईला आणखी एक नवल दाखवले. १८३४ साली माझगावचा त्यांचा बंगला आणि भोवतालची बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवून त्यातून निघणारा वायू नळ्यांनी खेळवायचा, ही युक्ती विलायतेत रुळली होती. मुंबईत मात्र घरोघर खोबरेलाचे नाहीतर करंजेलाचे दिवे होते. हा प्रकाश पाहायला खुद्द गव्हर्नर लॉर्ड क्लेअर आले आणि त्यांनी अर्देशीरांना मानाचा पोशाख दिला. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायला १८६५ साल उजाडले. म्हणजे या माणसाचे घर शहराच्या तीस वर्षे पुढे होते!

विलायतेची वाट

तरीही आपले शिक्षण अपुरे आहे, ही जाणीव अर्देशीरांना होती. मोठी इंजिने जिथे बनतात तिथे जाऊन ती पाहिली पाहिजेत, असे त्यांना वाटे. त्यांचे दोन नातलग, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, जहाजबांधणी शिकायला १८३८ सालीच इंग्लंडला गेले होते. १८३९ च्या शेवटी अर्देशीरही निघाले. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. तो १८६९ साली खुला झाला. त्यामुळे तांबड्या समुद्रातून आगबोटीने सुएझ, तिथून वाळवंट तुडवत कैरो, नाईलमार्गे अलेक्झांड्रिया आणि पुन्हा समुद्र असा तो प्रवास. सोबत स्वतःचे नोकर होते. या प्रवासाची रोजनिशी त्यांनी लिहिली आणि ती १८४० साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाली.

इंग्लंडमध्ये त्यांनी गोद्या, ओतशाळा आणि इंजिनांचे कारखाने पाहिले. राणी व्हिक्टोरियाच्या दरबारात त्यांना सादर करण्यात आले. इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेने त्यांना सहसदस्य करून घेतले. रॉयल सोसायटीकडे त्यांच्या नावाची शिफारस गेली, तीत त्यांच्या दोन कामांचा ठळक उल्लेख होता. एक, मुंबईत गॅसचा उजेड आणणे. दुसरे, साठ टनांच्या जहाजावर वाफेचे यंत्र चढवणे. निवड झाली ती कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर माझगावच्या बंगल्यात आणि गोदीत गाळलेल्या घामामुळे.

कारखान्याचा कारभारी

पण माझ्या मते अर्देशीरांची खरी कसोटी रॉयल सोसायटीत लागली नाही. ती लागली मुंबईच्या कारखान्यात. कंपनीच्या आरमाराच्या आगबोटी सांभाळण्यासाठी मुंबईत वाफेच्या यंत्रांचा कारखाना आणि ओतशाळा होती. तिचे मुख्य अभियंता आणि यंत्रनिरीक्षक म्हणून कंपनीने अर्देशीरांची नेमणूक केली. १ एप्रिल १८४१ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली. पगार महिना ६०० रुपये. हाताखाली एक मुख्य सहायक, चार युरोपियन फोरमन, सुमारे शंभर युरोपियन यंत्रज्ञ आणि बॉयलर-कारागीर, शिवाय दोनशेच्या आसपास देशी कामगार.

हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. साल १८४१. पेशवाई बुडून तेवीस वर्षे झालेली. राज्य गोऱ्यांचे, न्यायालय गोऱ्यांचे, आरमार गोऱ्यांचे. आणि शंभर गोऱ्या कारागिरांनी एका हिंदी माणसाचा हुकूम पाळायचा! मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रातून लगेच नापसंतीचा सूर निघाला. कितीही हुशार असला तरी नेटिव्हाला ही जबाबदारी पेलेल काय, अशी शंका उघडपणे घेतली गेली.

अशा शंकेला इंजिनरूममध्ये एकच उत्तर असते. यंत्र चालले पाहिजे. मी नौदलात होतो तेव्हाही आमच्याकडे हुद्द्याला सलाम मिळे, पण विश्वास मिळे तो हाताला. कुठला आवाज कुठून येतो हे ज्याला कळते, त्याचेच लोक ऐकतात. बॉयलरसमोर उभे राहिल्यावर वाफ कुणाची जात विचारत नाही. अर्देशीर या पदावर एक-दोन नव्हे, सोळा वर्षे राहिले. शंका घेणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर कोणते?

हे काम किती किचकट होते, याची कल्पना आमच्या भागातल्या गृहिणींना चटकन येईल. बोअरचे पाणी रोज तापवले की पातेल्याला पांढरा थर बसतो आणि मग पाणी तापायला वेळ लागतो. त्या काळी आगबोटीच्या बॉयलरमध्ये चक्क समुद्राचे खारे पाणी उकळत. मिठाचे आणि क्षारांचे खडक जमत. म्हणून दर थोड्या वेळाने आतले दाट खारे पाणी बाहेर सोडून नवे घ्यावे लागे आणि त्याबरोबर कोळशाची उष्णताही वाया जाई. एवढे करूनही पत्रे झिजत, जळत, फुगत. काही वर्षांतच बॉयलर बदलायची पाळी येई. तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून परतलेली प्रत्येक आगबोट आपली दुखणी घेऊन मुंबईच्या कारखान्याच्या दारात उभी राहायची. तिला वेळेत बरी करून पाठवली नाही तर डाक अडायची, फौज अडायची. या सगळ्याची जबाबदारी अर्देशीरांवर होती.

१८५४ साली मुंबईच्या गोदीतून दोन मोठ्या वाफेच्या लढाऊ नौका बाहेर पडल्या, ‘पंजाब’ आणि ‘असई’. दुसरे नाव आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना ओळखीचे वाटेल. जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा वेलस्लीने पराभव केला होता, त्यावरून ते ठेवलेले. आमच्या हाराकिरीचे नाव इंग्रजांनी मुंबईच्या सागावर कोरले! पण तो साग घडवणारे हात वाडियांचे होते आणि त्या काळात वाफेच्या कारखान्यावरही वाडियाच बसला होता.

अर्देशीर स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हते. १८४९ साली ते अमेरिकेला गेले आणि तिथून लाकूड कापण्याची यंत्रे घेऊन आले. माझगावला त्यांची स्वतःची ओतशाळा होती. तिथे सगळे भाग तयार करून बांधलेली ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट त्यांनी फेब्रुवारी १८५१ मध्ये पाण्यात उतरवली. मूळ पुरुषाचे नाव सागाच्या जहाजाला न देता वाफेच्या बोटीला दिले, यात मला मोठी सूचक गोष्ट दिसते. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली ती १८५३ साली. त्याआधी दोन वर्षे मुंबईत एक हिंदी माणूस अख्खी आगबोट स्वतःच्या भट्टीत घडवत होता. शिलाईचे यंत्र, छायाचित्रण, धातूवर विजेने मुलामा चढवणे, या नव्या गोष्टी मुंबईत आणण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

दोन काठ

१ ऑगस्ट १८५७ रोजी अर्देशीरांनी नोकरीतून निवृत्ती घेतली आणि पुढच्या वर्षी ते इंग्लंडला गेले. मधली काही वर्षे, १८६१ ते १८६३, ते सिंधमध्ये कोटरीला सिंधू नदीवरच्या आगबोटींचे देखरेख-अभियंता होते. नंतर मात्र त्यांनी थेम्सकाठी रिचमंड इथे कायमचा मुक्काम केला.

त्यांच्या आयुष्याची ही बाजू घरंदाज चरित्रांत बराच काळ दबक्या आवाजात सांगितली गेली. मुंबईत त्यांची पत्नी आणि मुलेबाळे होती. इंग्लंडमध्ये मेरियन बार्बर या इंग्रज स्त्रीशी त्यांनी दुसरा संसार मांडला आणि त्यातूनही त्यांना मुले झाली. एकोणिसाव्या शतकातल्या पारशी समाजाला हे रुचणे शक्य नव्हते आणि मुंबईच्या घरी राहिलेल्या माणसांच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार केल्यावर आपल्यालाही ते सहज पटत नाही. त्यांचा न्याय करायला मी बसलेलो नाही. पण मोठ्या माणसाचे मोठेपण सांगताना त्याची किंमत कुणी मोजली, हे लपवू नये. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी रिचमंडलाच त्यांचे निधन झाले.

तोवर मागे मुंबईतले चित्र पालटले होते. कंपनीचे ‘इंडियन नेव्ही’ हे आरमार १८६३ साली मोडीत निघाले. ‘पंजाब’ आणि ‘असई’ विलायतेत विकल्या गेल्या. ‘पंजाब’मधली इंजिने काढून टाकण्यात आली आणि तिला ‘ट्वीड’ या नावाने शिडाचे जहाज करण्यात आले. मुंबईच्या सागाचे ते जहाज इतके वेगवान निघाले की त्याच मालकाने पुढे बांधलेल्या सुप्रसिद्ध ‘कटी सार्क’साठी त्याच्या घडणीचा आदर्श घेतला, असे सांगतात. म्हणजे लाकूड जगाच्या लक्षात राहिले, यंत्र भंगारात गेले.

अर्देशीरांच्या विस्मरणाचे कारण मला यातच दिसते. जहाज सुंदर असते. त्याचे चित्र काढतात, ते जपून ठेवतात. इंजिन तळाशी, अंधारात, तेलात असते. चालू आहे तोवर त्याची आठवण कुणाला होत नाही आणि थांबले की शिव्या पडतात. पोस्टखात्याने २७ मे १९६९ रोजी, म्हणजे रॉयल सोसायटीतल्या निवडीच्याच तारखेला, अर्देशीरांचे तिकीट काढले हे चांगले केले. पण तिकीट पाकिटावर चिकटते आणि पाकिटाबरोबर जाते.

अर्देशीरांचे पहिलेपण मला त्या निवडीपेक्षा वेगळ्या जागी दिसते. पुस्तक नाही, गुरू नाही, कारखाना नाही, अशा वेळी एका अश्वशक्तीचे का होईना, इंजिन स्वतः बनवून पाहण्यात ते आहे. घराण्याचा साग सोडून अनोळखी लोखंडाला हात घालण्यात ते आहे. ड्रॉइंगच्या गुंडाळ्या घेऊन हिंडणाऱ्या आमच्या मुलांना अर्देशीरांची सनद पाठ नसली तरी चालेल. माझगावच्या विहिरीवरचे ते छोटे इंजिन मात्र त्यांना ठाऊक असावे.